चेतनाची पश्चिम

सीताराम परबांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. दुसऱ्याच्या नाहीच, स्वतःच्याही नाही. विक्रोळीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये त्यांनी उभी हयात काढली होती आणि तिथं ‘अंदाजे’ हा शब्द शिवीसारखा होता. नवा पोरगा डोळे बारीक करून म्हणाला, "परबसाहेब, हे सरळ दिसतंय," की परब त्याच्या हातात काटकोनाचा गुण्या कोंबायचे. "दिसतंय ते घरी जाऊन बायकोला सांग. मला माप सांग." निवृत्त झाल्यावर ही खोड जाईल अशी शेवंतीकाकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, भाबडी आशा होती. जित्याची खोड ती! भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं की भिंत तिरकी, यावरून त्या घरात अख्खा श्रावण वाद चालला होता. शेवटी भिंतच तिरकी निघाली आणि परबांना जेवण गोड लागू लागलं.

अशा माणसानं पोरांना होकायंत्र शिकवायला घेतलं यात नवल नव्हतं. चाळ पाडून तिथं उंच इमारत झाली, पोरं वर राहायला गेली आणि मोबाईलमधली बाई सांगेल तिकडं वळायला लागली. परबांना ते बघवेना. "उद्या ती बाई गप्प झाली तर ह्यांना स्वतःचं घर सापडायचं नाही," असं म्हणत त्यांनी पेन्शनीतून चार-पाच होकायंत्रं आणली आणि दर रविवारी इमारतीतल्या पोरांना मैदानात उभं करायला लागले.

मैदानाच्या अगदी मधोमध. भिंतीजवळ नाही, गाड्यांजवळ नाही, कारण भिंतीत सळया असतात आणि सळईला सुई भुलते. परबांचा पहिला धडा हाच असायचा. हातातलं कडं, किल्ली, मोबाईल, सगळं एका पिशवीत टाकायचं आणि पिशवी लांब ठेवायची. "आणि लोहचुंबक तर ह्या सुईचा यम. जवळ जरी आला तरी उलटीपालटी करून टाकील. समजलं?" मग दुसरा धडा. तबकडीवर पाहिजे ती दिशा लावायची. यंत्र छातीशी धरायचं. सुईचं लाल टोक तबकडीवरच्या लाल घरात येईपर्यंत आपण स्वतः फिरायचं. मग बाण दाखवेल तिकडं चालायचं, नाकासमोर. "लाल घरात, बाण पुढं!" पोरं ओरडायची आणि आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून माणसं हसायची.

परब त्याच्याही पुढं जात. चालायला लावण्याआधी ते प्रत्येकाला डोळे मिटायला लावून जागच्या जागी गरगर फिरवायचे. का? तर ओळखीची इमारत, ओळखीचं झाड बघून कुणी चोरून दिशा धरू नये म्हणून. "डोळा फसवतो, कान फसवतो, शेजारी तर फसवतोच फसवतो. सुई फसवत नाही." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की पोरं त्यांची नक्कल करताना तेच म्हणायची.

नक्कल न करणारी एकच होती, चेतना. पाचवीतली, वरच्या मजल्यावरच्या मीराची मुलगी. नवरा गेल्यापासून मीरा घाटकोपरच्या एका नर्सिंग होममध्ये आयाचं काम करत होती. तिची पाळी दुपारची असली की पोर शाळेतून यायची ती थेट परबांकडेच. शेवंतीकाकूंना लेकरू नव्हतं. त्यांनी त्या पोरीला घावणे खायला घातले, तिच्या वेण्या घातल्या, तिच्या उवाही काढल्या. आणि परबांना तिच्यात वेगळंच काही सापडलं. सांगितलेलं माप जसंच्या तसं उचलणारा हात. झुडूप आडवं आलं तर काटकोनात वळून, पावलं मोजून, वळसा घालून पुन्हा आपल्या रेषेवर यायचं, हे बाकीच्यांना महिनाभर कळलं नव्हतं. चेतनाला एकदा दाखवलं आणि झालं. टूलरूममध्ये असा पोरगा दहा वर्षांत एखादा मिळतो. परबांनी खूश होऊन एक होकायंत्र तिला घरी ठेवायला देऊन टाकलं. बाकीच्यांना हे बोचलं. किरणला जास्तच.

किरण तिच्याच मजल्यावरचा, तिच्याहून वर्षानं मोठा आणि दहापट वात्रट. त्याला होकायंत्राचा कंटाळा यायचा. "काका, मी नाकानं जातो," तो म्हणायचा. "वडापावचा वास आला की स्टेशन."

"तू जन्मभर वडापावच्याच दिशेला जाणार," परब म्हणायचे, आणि हट्टानं त्याची जोडी चेतनाशी लावायचे. पोरगं सुधारेल म्हणून.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, खरी परीक्षा घ्यायचं ठरलं. मैदानात नाही. कांजूरमार्गला हायवेच्या पलीकडं जुनी मिठागरं आहेत. बांध मोडलेले, मध्ये पुरुषभर उंच गवत आणि झुडपं, आणि त्याच्याही पलीकडं तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं रान, मग खाडी. तिथला रखवालदार भाऊराव परबांच्या ओळखीचा होता. गवतात शिरलं की पोरांना हायवेही दिसत नाही आणि डोंगरही नाही. परबांना हवं होतं तसंच.

मीरा तयार होईना. ती रात्रीची दमून आली होती, दारातच उभ्या उभ्या बोलत होती. "काका, तिथं खाडी आहे. चिखल आहे. माणसं रुतलेली ऐकली आहेत मी."

"खाडी पूर्वेला, हायवे पश्चिमेला," परब म्हणाले. "पोरं पश्चिमेकडं चालणार. खाडीकडं पाठ. आणि पश्चिमेला रस्त्यावर मी उभा. अगं, तुझी पोरगी आहे म्हणून मला काळजी नाही. दुसऱ्या कुणाची असती तर मीच नको म्हटलं असतं. माझ्या भरवशावर पाठव."

मीरानं त्यांच्याकडं पाहिलं. ह्या माणसानं आजवर कधी उगाच शब्द दिला नव्हता. "तुमच्या भरवशावर," ती म्हणाली.

खंडेनवमीला परबांच्या घरी हत्यारांची पूजा असे. नोकरी सुटली तरी पूजा सुटली नव्हती. ट्रंकेतून परबांची हत्यारं निघायची. कानशी, हातोडी, गुण्या, व्हर्नियर आणि घोड्याच्या नालेसारखा एक जाडजूड लोहचुंबक, लोखंडाचा कीस उचलायचा. शेवंतीकाकू सगळी पुसूनपासून पाटावर मांडायच्या. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही, ती विश्रांती घेतात. दसऱ्याची पूजा झाली, सोनं वाटलं, की मगच उचलायची.

त्या वर्षी काकूंच्या मनात आलं की पोरीची परीक्षा आहे, तिचंही हत्यार पूजेत ठेवावं. त्या वर जाऊन मागून आल्या. मीराच्या घरी पूजा नसते, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. पण मीरा हसली आणि म्हणाली, "न्या काकू. तुमची माया आहे, तिला कुठं धर्म असतो." काकूंनी यंत्र आणून पाटावर ठेवलं. ते आडवं पडून शोभेना, कुंकवाचं बोट लावायलाही अडचण. मग त्यांनी ते लोहचुंबकाला टेकवून छान उभं केलं, तबकडी समोर येईल असं. हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल.

परब आंघोळ करून आले. पाटासमोर उभे राहिले. हत्यारांच्या रांगेत ते लहानसं यंत्र बघून त्यांना भरून आलं. आपल्यामागं ही हत्यारं कुणी पुढं चालवील असं त्यांना आजवर वाटलं नव्हतं, आणि आज पाटावर एका पोरीचं हत्यार आलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी यंत्र आणि आपट्याची पानं चेतनाच्या हातात ठेवली. "सोन्यासारखा रव गो, बाय," त्या म्हणाल्या. पोर वाकून पाया पडली आणि यंत्र दप्तरात ठेवून झोपायला गेली.

रविवारी सकाळपासून ऊन मी म्हणत होतं. दुपार कलली तसे पूर्वेकडून ढग चढायला लागले. परतीचा पाऊस, येईल आणि जाईल, असं परबांनी धरलं. परीक्षा पुढं ढकलायची म्हणजे पोरांचे चेहरे बघवले नसते, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही घाई झाली होती. पोरांच्या चार जोड्या त्यांनी गवतातल्या चार निशाणांशी नेऊन सोडल्या. सगळ्यांत लांबचं निशाण तिवरांच्या अगदी कडेला होतं. ते चेतनाला आणि किरणला दिलं. परबांनी दोघांना डोळे मिटायला लावलं आणि खांदे धरून गरगर फिरवलं. किरण मुद्दाम झोकांड्या खाऊन हसत होता.

"शिट्टी ऐकली की डोळे उघडायचे. पश्चिम लावायची. काय?"

"लाल घरात, बाण पुढं," चेतना म्हणाली. तिनं यंत्र पुढं केलं. झाकणावर कुंकू अजून होतं. "काका, माझं एकदा बघा ना."

ढग गडगडला. रस्त्याशी परतून शिट्टी फुंकायची होती. "तुझं काय बघायचं," परब म्हणाले. "तुझं बरोबरच असतं."

ते झपझप बांधावरून रस्त्याशी आले आणि शिट्टी फुंकली. शिट्टीपाठोपाठ पाऊस आला. असा आला की पवईकडचे टॉवर पुसले गेले, डोंगर पुसला गेला आणि हायवेच्या गाड्यांचा आवाज त्या सरींखाली गडप झाला. पहिली जोडी आली. दुसरी आली, तिसरी आली, चिखलानं भरलेली आणि खूश. परबांनी भाऊरावच्या छत्रीखाली उभं राहून सगळ्यांच्या पाठी थोपटल्या. चेतना यायची होती. "लांबचं निशाण आहे. आणि ती पोरगी मोजून चालते, धावत नाही," ते भाऊरावला म्हणाले.

पाऊस ओसरता ओसरता गवतातून किरण आला. एकटा. बांधाच्या भलत्याच बाजूनं, रडत.

"चेतना कुठं आहे?"

"ती येत नव्हती. मी म्हटलं चल मागं. ती ऐकतच नव्हती, काका! मी म्हटलं मी जातो, तर म्हणाली जा."

"तू तिला सोडून आलास?" परबांचा आवाज चढला. "रेषा तू सोडलीस. ती सोडणार नाही. ती कधीच रस्त्याला लागली असेल, पुढं कुठंतरी."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. सुई आणि चेतना, दोन्ही चुकू शकत नाहीत, हे त्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की शंकेला शिरायला फट नव्हती. त्यांनी भाऊरावला रस्त्यानं भांडुपकडं पिटाळलं, स्वतः विक्रोळीकडं निघाले, बाकीच्या पोरांना घरी पाठवलं. गॅरेजवाल्याला विचारलं, टपरीवाल्याला विचारलं. ओली पोर कुणी पाहिली नव्हती. तोवर कुणीतरी पोलिसांना फोन केला, मीराला फोन केला. फायर ब्रिगेडची माणसं आली तीही रस्त्याच्याच कडेनं शोधायला लागली, कारण परब सगळ्यांना तेच ठासून सांगत होते. पोरगी पश्चिमेलाच आहे. उजेड कमी होत चालला होता.

किरण बांधावर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. त्याच्या आईनं त्याला दोन थपडा दिल्या होत्या, कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. परब त्याच्यासमोर उकिडवे बसले. "बाळा, खरं सांग. तू मागं का फिरलास?"

"वास येत होता."

"कसला वास?"

"कचऱ्याच्या डम्पिंगचा. पावसात काही दिसत नव्हतं, पण आम्ही जितकं पुढं जाऊ तितका तो वाढत होता. मी म्हटलं, चेतना, हे घराकडं नाही, आपण डम्पिंगकडं चाललोय. ती म्हणाली, नाक फसवतं, सुई फसवत नाही. मला दाखवलं तिनं. लाल घरातच होतं, काका. आईशप्पथ. पण वास येत होता."

डम्पिंग खाडीच्या बाजूला. पूर्वेला.

लाल टोक घरात आणि पावलं पूर्वेला, हे एकाच रीतीनं होतं. सुई उलटी झाली असेल तर. आणि सुई उलटी व्हायला काय लागतं हे ते दर रविवारी ओरडून सांगत होते. डोळ्यांसमोर पाट आला. झेंडूचं फूल, कुंकू, आणि पाठीशी तो नालेसारखा लोहचुंबक. टूलरूममध्ये एखाद्या शिकाऊ पोरानं मापाच्या हत्याराजवळ लोहचुंबक ठेवला असता तर त्यांनी त्याला लाथ घातली असती. इथं त्यांनी हात जोडले होते.

ते उठले आणि फायर ब्रिगेडच्या माणसांकडं धावत सुटले. "खाडीकडं चला! पूर्वेला आहे ती. तिचं यंत्र बिघडलंय, उलटं झालंय!"

"आत्ता तर पश्चिम म्हणत होतात," एक अधिकारी वैतागून म्हणाला.

"आत्ता खाडीकडं म्हणतोय. चला, मी नेतो."

मीरा रिक्षातून उतरत होती, नर्सिंग होमच्या साडीतच. तिनं परबांचा हात धरला. "काका, खाडीकडं पाठ म्हणाला होता तुम्ही." परबांनी हात सोडवून घेतला. त्यांना तिच्याकडं बघता येईना.

निशाणाशी येऊन त्यांनी स्वतःचं होकायंत्र काढलं, पूर्व लावली. माणसं डावीकडं-उजवीकडं पांगायला लागली तसे ते म्हणाले, "पांगू नका. ती वाकडी जाणार नाही." आणि गेली नव्हती. गवत संपून तिवरं सुरू झाली तिथं ओल्या मातीत चपलेचे ठसे होते, एकामागं एक, बैलगाडीच्या चाकोरीसारखे सरळ. किरणचे मोठे ठसे एका जागी घुटमळून मागं वळले होते. लहान ठसे पुढं गेले होते. मध्येच एक तुटका बांध आडवा आला. ठसे काटकोनात वळले, बांध ओलांडून पुन्हा काटकोनात आले आणि त्याच रेषेवर लागले. परबांच्या मनात आपसूक शब्द उमटला, शाबास. आणि लगेच त्यांना स्वतःची किळस आली.

भरती चढत होती. फार मोठी नव्हती ती, दशमी-एकादशीची भरती कधीच फार नसते. पण तिवरांतल्या चिखलाच्या ओहोळात कमरेपर्यंत रुतलेल्या दहा वर्षांच्या पोरीला मोठी भरती लागत नाही. बॅटरीच्या उजेडात आधी तिची वेणी दिसली, पाण्यावर. फायर ब्रिगेडच्या माणसांनी फळ्या टाकल्या, आडवे झोपून तिला काढलं. ती ज्या दिशेनं चालत होती त्याच दिशेला तिचं तोंड होतं. गळ्यातल्या दोरीला यंत्र होतं. कुणीतरी ते काढून परबांकडं दिलं, त्यांचं म्हणून. परबांनी ते तळहातावर सपाट धरलं. लाल टोक दक्षिणेला जाऊन थांबलं.

जबाबात परबांनी सांगितलं, यंत्र बिघडलं होतं, मी तपासलं नाही, चूक माझी. पोलिसांनी लिहून घेतलं. कशानं बिघडलं हे कुणी विचारलं नाही. स्वस्तातली वस्तू, बिघडली असेल. परब पुढं बोलले नाहीत. घरी शेवंतीकाकू देवासमोर बसून राहिल्या होत्या आणि त्यांना हे सांगायचं कुठल्या तोंडानं? चूक आपली म्हटली आहे ना, मग झालं. असं ते स्वतःला सांगत आणि रात्रंदिवस छताकडं बघत पडत.

लोक बोलत होते. लोकांना बोलायला काय जातं. पोरगी हट्टी होती म्हणे. जोडीदार मागं फिरला तरी फिरली नाही. एवढी अक्कल नसावी? मीराच्या गावाकडच्या नातेवाइकांनी तर तिच्या तोंडावर सांगितलं की बापाविना पोर, कुणाचं ऐकायची सवय नव्हती. शेवंतीकाकू रोज दोन वेळा मीराला डबा नेत होत्या, समोर बसून दोन घास खायला लावत होत्या. परब दारापर्यंतही जात नव्हते.

चेतनासाठी पुण्यानुमोदन झालं, भन्तेजी गेले, पाहुणे गेले. त्या संध्याकाळी काकू म्हणाल्या, "तुमी पण येवा. किती दिवस तोंड लपवतलास? तिका बरा वाटात." परब डब्याची पिशवी घेऊन मागोमाग जिना चढले.

मीरा भिंतीला टेकून बसली होती. चेतनाच्या फोटोसमोर मेणबत्ती होती. काकूंनी ताट वाढलं आणि पदरानं डोळे पुसत बोलायला लागल्या. मालवणी बोलणं, पोटातलं ओठावर. "माका एकच कळना नाय गो, मीरा. मी तेची पूजा केलंय. माझ्या हातान पाटार ठेवलंय, ह्यांच्या हत्यारांत. त्या चुंबकाक टेकून उभा केलंय, पडाक नको म्हणान. हळद घातलंय, कुंकू घातलंय. पूजेतली वस्तू अशी कशी फिरली? देवाक काय दिसला नाय?"

मीराचा हात घासाशी थांबला.

चेतना घरी आली की दर रविवारचे धडे आईला म्हणून दाखवायची. कडं नको, किल्ली नको, मोबाईल नको. चुंबक तर सुईचा यम. मीराला ते पाठ झालं होतं. तिनं काकूंकडं पाहिलं नाही. मान वर करून परबांकडं पाहिलं.

"काका. पाटावर तुम्ही बघितलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. आंधळा झालो होतो म्हणता आलं असतं. परब म्हणाले, "बघितलं होतं."

"आणि?"

"हात जोडले."

मीरानं घास ताटात ठेवला, ताट अलगद काकूंकडं सरकवलं. "ती हट्टी नव्हती," ती म्हणाली. "उद्या हे सगळ्यांना सांगा, काका. माझ्या नातेवाइकांना, इमारतीतल्या माणसांना, त्या किरणला. प्रत्येकाला. ती हट्टी नव्हती, तुम्ही शिकवलं तशी चालली." तिचा आवाज एकदाही चढला नाही. "आणि आता जा. डबा आणू नका."

काकू गोंधळून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होत्या. परबांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. दार मागं लागलं. जिन्यात काकू थांबल्या. "काय झाला? माझा काय चुकला? डबो कशाक नको म्हणता ती?"

परब पायरीवर बसले. काकूही बसल्या. मग परबांनी बायकोला होकायंत्र शिकवलं. पोरांना शिकवायचे तसंच, पहिल्यापासून. सुई म्हणजे काय, ती उत्तरेकडं का वळते, तिला कशाची भूल पडते. लोहचुंबक तिला टेकला आणि रात्रभर तसाच राहिला तर तिचं काय होतं. काकू लहान मुलीसारख्या ऐकत होत्या. अर्ध्यावर त्यांचे हात मांडीवरून उचलले गेले आणि त्या आपल्याच बोटांकडं बघायला लागल्या. परब थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा कधी बोलता आलं नसतं.

सगळं सांगून झालं तेव्हा खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"माका ह्या म्हायत नव्हता," काकू म्हणाल्या. "मी अडाणी. माका तो लोखंडाचो तुकडो. तुमका तर म्हायत होता ना? तुमी जन्मभर तेच केलास. मगे तुमी माका थांबवूचा सोडून हात कशाक जोडलास?"

काकू कठड्याला धरून उठल्या आणि एकट्याच खाली उतरून गेल्या.